पूरोत्तर वस्तीकार्य (सांगली)

महापूर ओसरल्यावर सखल भागातील आणि नागरी सोयी धड न पोहोचलेल्या वस्त्या पुन्हा राहण्याजोग्या करण्यासाठी रहिवासी व स्वयंसेवक यांनी मिळून चालवलेले काम. गाळ उपसणे, घरांची डागडुजी, पंचनाम्यांचा पाठपुरावा, भिजलेली कागदपत्रे, गटारे, कर्जाचे हप्ते हे सारे त्यात येते. पाण्यातून माणसे बाहेर काढणे आणि जेवणाची पाकिटे वाटणे ही केवळ सुरुवात असते. वस्तीकार्याचा मोठा भाग छावण्या उठल्यानंतरचा असतो. सांगली शहर व परिसरात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर या कामाची एक रीत पडत गेली.

सांगलीचा पूर : डोंगराळ भागातल्या लोंढ्यासारखा हा पूर अंगावर धावून येत नाही, तो चढत येतो. महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यातला पाऊस, कोयना (साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) व वारणा या धरणांतून सोडलेले पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो. शहरालगत हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. वारणेलाही त्याच वेळी पूर असला की कृष्णेच्या पाण्याला फुगवटा लागतो. नदीचा उतार कमी, वळणे मोठी. म्हणून पाणी घरांत दिवसेंदिवस तुंबून राहते आणि जाताना चिकट गाळाचा थर ठेवून जाते. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, इकडे साऱ्या शहराचे लक्ष असते : ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर, तर जुलै २०२१ मध्ये सुमारे ५५ फुटांवर.

हे आकडे सगळ्यांसाठी सारखे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्त्यालगतचा भाग, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी अशा वस्त्यांतल्या सखल घरांत धोका पातळी गाठण्याआधीच पाणी शिरते. (कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे शेवटच्या नावाचे इथे कोणाला नवल वाटत नाही.) नदी काठ ओलांडून येण्याआधी पाणी नाल्यांतून उलटे आत घुसते. पूर्वी पुराचे पाणी ज्या ओतांमधून (सखल नैसर्गिक प्रवाहमार्गांतून) पसरून जाई, त्यांतले बरेच भराव टाकून बुजवले गेले आणि तिथे प्लॉट पडले. शामरावनगरसारख्या भागात तर नदीला पूर नसतानाही मोठ्या पावसाचे पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही.

गुंठेवारी आणि पूररेषा : या वस्त्यांची अडचण मुळात जमिनीच्या कागदात आहे. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून, बिगरशेती परवान्याशिवाय विकलेल्या जागांवर सांगली, मिरज व कुपवाडमध्ये हजारो घरे उभी राहिली. त्यांत हमाल, गवंडी, विक्रेते, घरकाम करणाऱ्या बायका यांना परवडेल अशी जागा मिळाली. रस्ता, गटार, पाण्याची नळजोडणी मात्र मागाहून येणार म्हणून राहून गेली. ही घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम झाला. पुढे पूररेषा आडवी आली. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, नव्या बांधकामाला बंदी असते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेत सापडलेल्या घराला धड परवाना मिळत नाही, परवाना नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही म्हणून जोते उंच करून घर पुन्हा बांधता येत नाही. पूर आला की हेच घर पडते. स्वयंसेवकांचे काम गाळापासून सुरू होऊन नगररचना कार्यालयापर्यंत जाऊन पोहोचते, त्याचे कारण हे.

पूर्वपरंपरा : सातारा-सांगलीच्या मातीत लोकांनी एकत्र येऊन काम उभे करण्याची सवय जुनी आहे. १९४२ नंतर इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारने गावोगाव समित्या चालवल्या. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८० च्या दशकात लोकांनी श्रमदान करून आणि वाळूविक्रीच्या पैशातून बळीराजा धरण उभारले. हे काम दुष्काळाचे, पण आधी हिशेब मांडायचा, मग सरकारकडे मागणी करायची, ही पद्धत पूरकाळात उपयोगी पडली. राष्ट्रीय सेवा योजनेमुळे (१९६९) महाविद्यालयीन मुलांचा हात मिळू लागला. पुनर्वसनात बायकांना मध्यवर्ती जागा देण्याचा धडा मात्र किल्लारीचा आहे : १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया संवाद सहायक (गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा) म्हणून नेमल्या गेल्या. सांगलीतही, पुराच्या आधीपासून, पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने महापालिकेबरोबर झोपडपट्ट्यांचे सर्वेक्षण आणि नकाशे केले होते. कोणते घर कुठे, हे कागदावर असलेली वस्ती आणि नसलेली वस्ती यांत पूर ओसरल्यावर फार फरक पडतो.

गाळ : २०१९ च्या पुरात सरकारी बोटी पोहोचेपर्यंत नावाडी, पट्टीचे पोहणारे आणि कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतींत वल्ही मारणारी पोरे यांनी माणसे काढली, खेड्यांत गुऱ्हाळाच्या काहिलीसुद्धा पाण्यात उतरल्या. या धांदलीची दुसरी बाजूही आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर आणणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. उत्साहाला लाइफ जॅकेट आणि माणसांची मोजदाद लागते, ही गोष्ट त्यानंतर कोणाला सांगावी लागली नाही.

पाणी उतरू लागते तेव्हाची सफाई हे एक कसबच आहे. नदीकाठची जुनी माणसे पाणी पूर्ण जायची वाट पाहत नाहीत. घोटाभर पाणी असतानाच खराट्याने आणि फळकुटाने ते ढवळून गाळ पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. एकदा ऊन लागून गाळ घट्ट बसला की फावड्याशिवाय निघत नाही आणि फावड्याने फरशी जाते. बाहेरगावाहून आलेले स्वयंसेवक नेमके पाणी गेल्यावर पोहोचतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला फावडे आणि घमेलेच येते. आधी शाळा व अंगणवाडी, मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरे, मग बाकीची, असा क्रम वस्तीने स्वतः ठरवलेला असला तर काम भांडणाविना होते. गाद्या, धान्य, फुगलेली प्लायवुडची कपाटे यांचे ढीग रस्त्यावर येतात. महापालिकेचे ट्रॅक्टर आधी मुख्य रस्ते उचलतात आणि बोळ शेवटी. भिंत बाहेरून कोरडी दिसली तरी पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या भिंतीत ओल राहते आणि ती पंधरवड्याने ढासळू शकते, म्हणून वीजजोडणी आणि भिंती तपासल्याशिवाय घरात झोपू नये असे सांगावे लागते. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, औषध फवारणी आणि चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून वाचवण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लीन ही आरोग्याची बाजू. २०१९ मध्ये गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आले. अनेक मंडळांनी मांडवाचा खर्च आवरून वर्गणी या कामात घातली.

यादी : वस्तीकार्यातले सर्वांत मोलाचे साधन फावडे नव्हे, यादी होय, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. २०१९ मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० रुपये आणि शहरी भागात १५,००० रुपये जाहीर झाले, त्यातले ५,००० रोख. पण कुटुंब म्हणजे काय? एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली, शिधापत्रिका मात्र एकच. भाडेकरूचे सामान गेले आणि घराचा पंचनामा मालकाच्या नावाने झाला. पुरात आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळेचे दाखले भिजून गेलेले. कारकुनाने दाराशी उभे राहून 'पाणी कुठवर होतं?' विचारले, तेव्हा भिंतीवरची रेघ आधीच धुऊन टाकलेली. म्हणून काही वस्त्यांत स्वच्छतेआधी फोटो काढणे, भिंतीवरच्या रेघेपाशी घरातल्या माणसाला उभे करणे, वहीत घरनिहाय माणसे, चुली, भाडेकरू, आजारी, गरोदर अशी नोंद करणे सुरू झाले. ही वही बहुधा बचत गटातली एखादी बाई ठेवते, कारण कोणाच्या घरात किती माणसे हे तिला माहीत असते आणि तिच्याशी खोटे बोलणे अवघड असते. तीच वही पुढे दाखल्यांच्या शिबिराला, औषधवाटपाला आणि माहितीच्या अधिकारातल्या अर्जांना उपयोगी पडते.

हप्ते हा यादीत न दिसणारा विषय. धंदा बुडाला तरी मायक्रोफायनान्सचा हप्ता थांबत नाही, आणि गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या तोंडचे पाणी पळते. वसुली पुढे ढकलावी म्हणून बायकांनी पुरानंतर मोर्चे काढले. हरिपूर-सांगलीवाडीकडे हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या पुराने त्यांची मोठी नासाडी केली आणि पेवांवर मजुरी करणाऱ्यांचे काम गेले. असे गेलेले रोजगार श्रमदानाने परत येत नाहीत.

टीका : महामार्गालगतच्या गावांत मदतीचे ट्रक एकामागून एक लागले आणि आतल्या वस्त्या रिकाम्या राहिल्या, ही तक्रार २०१९ मध्ये सर्वत्र होती. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या वऱ्हांड्यात पडून राहिले, ते हलवायला वेगळे स्वयंसेवक लागले. त्याच ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक असल्याने मदतीच्या पाकिटांवरच्या पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचीही चर्चा झाली. अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे : गटार काढणे, कचरा उचलणे ही महापालिकेची कामे लोकांनी फुकट केली, की पुढच्या वर्षी तरतूद करायची गरजच कोणाला वाटत नाही. अनुभवी कार्यकर्ते म्हणून श्रमदानाबरोबर निवेदनही देतात आणि त्यावर पोच घेतल्याशिवाय परतत नाहीत.

२०२१ आणि नंतर : करोनाच्या सावटात आलेल्या या पुरात, दोन वर्षांपूर्वीचे आठवत असल्याने, बरेच लोक सामान माळ्यावर टाकून, जनावरे व गाड्या उंचावर नेऊन आधीच बाहेर पडले. त्याच जुलैत सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. तिथे वस्तीकार्याचा हा सांगलीचा नमुना चालत नाही. गाळ काढून परत जायला घरच उरत नाही आणि सगळा प्रश्न नव्या जागेचा होतो.

सांगलीतही स्थलांतराचा विषय अधूनमधून निघतो. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर येतो की नाही, यावर वाद आहे : राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, नागरिकांच्या कृती समित्यांना ते मान्य नाही. पुराचे कारण काहीही ठरो, पूरपट्ट्यातली घरे हलवायची तर कुठे, हा प्रश्न वस्तीत वेगळ्या शब्दांत विचारला जातो. मार्केट यार्डात पहाटे हमालीला जाणारा माणूस शहराबाहेर मिळालेल्या घरातून रोज रिक्षाचे भाडे भरू शकत नाही, आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई दुपारी मुलांना जेवायला घालायला परत येऊ शकत नाही. त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये वही नव्याने लिहिली जाते, कोणाचे सामान कोणाच्या माडीवर जाणार हे ठरते आणि नाला साफ झाला का हे पाहायला दोघे-तिघे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन येतात.