बँड सुसंगतता (आयात स्मार्टफोन)

परदेशातून आणलेला किंवा दुकानात ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकला जाणारा स्वस्त फोन ठाणे-नवी मुंबईतल्या मोबाइल कंपन्यांच्या वारंवारतांवर चालेल की नाही, याची खरेदीपूर्वीची पडताळणी. एकाच नावाचा फोन चीन, अमेरिका आणि भारतासाठी वेगवेगळे बँड (वारंवारतांचे पट्टे) घेऊन निघतो. त्यामुळे खोक्यावरचे नाव बघून काहीच कळत नाही. मॉडेल क्रमांक बघावा लागतो.

ठाणे आणि नवी मुंबई दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई सर्कलमध्ये (सेवा-विभागात) मोडतात, महाराष्ट्र सर्कलमध्ये नाही. ४जीसाठी जिओ ३, ५ आणि ४० हे बँड वापरते. एअरटेल १, ३, ८ आणि ४०. व्हीआय १, ३, ८ आणि ४१. ५जीला तिघांचाही मुख्य बँड एन७८, शिवाय जिओचा एन२८.

यातले ५ (८५० मेगाहर्ट्झ) आणि ८ (९०० मेगाहर्ट्झ) हे खालचे, म्हणजे कमी वारंवारतेचे बँड सगळ्यात दुर्लक्षित. बँड ३ (१८००) आणि ४० (२३००) भिंतींपुढे लवकर दमतात. ठाण्याच्या गोखले रोडवरच्या दुकानात काउंटरवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात, कारण तिथे वरचे बँड मिळतातच. उणीव कळते ती घोडबंदरच्या उंच इमारतीतल्या आतल्या खोलीत किंवा वाशीच्या एखाद्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. अमेरिकी मॉडेलांत ५ बहुधा असतो, पण ८ आणि ४० अनेकदा नसतात. त्यांचे १२, १३, ६६, ७१ इथे निरुपयोगी; ‘तीस बँड’ या जाहिरातीला म्हणूनच भुलू नये.

तपासणी *#०६# डायल करून सुरू करावी. पडद्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्याशी जुळतो का ते पाहावे. मग रोमन अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. उत्तरात काळ्या यादीतला, दुबार किंवा आधीच वापरात असलेला असे आले, तर फोन परत द्यावा. त्यानंतर सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्याच संकेतस्थळावर त्याची बँड यादी काढावी. शेवटची अक्षरेही जुळली पाहिजेत, कारण फरक बहुधा तिथेच असतो.

मग स्वतःचे सिम घालून, वायफाय बंद करून कॉल लावावा. बँड सगळे जुळूनही कॉल न लागणे ही नेहमीची तक्रार आहे. जिओकडे २जी-३जी नाही, म्हणून व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालू नसेल तर डेटा मिळतो, आवाज नाही. एअरटेल-व्हीआयवर तोच फोन कॉलपुरता २जीवर उतरतो आणि दोष लपून राहतो. कॉल चालू असताना ४जीचे चिन्ह टिकले पाहिजे. चिनी रॉमवर (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरवर) हा दोष जास्त आढळतो. तो सॉफ्टवेअरचा असल्याने कधी अपडेटने सुटतो, कधी नाही.

फोन प्रत्यक्ष कोणत्या बँडवर आहे, हे नेटमॉन्स्टरसारख्या अ‍ॅपमधल्या ईएआरएफसीएन (४जी वाहिनीचा क्रमांक) या आकड्यावरून कळते: १२०० ते १९४९ म्हणजे बँड ३, २४०० ते २६४९ बँड ५, ३४५० ते ३७९९ बँड ८, ३८६५० ते ३९६४९ बँड ४०. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ११५ डीबीएमच्या खाली गेले की आवाज तुटू लागतो.

यादीत एन७८ असूनही ५जी दिसत नसेल, तर दोन शक्यता. जिओचे ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारे आहे आणि फोनमध्ये ती सोय बंद असू शकते. जिथे ५जी ४जीच्या आधाराने चालते, तिथे दोन्ही बँडची जोडी फोनला मान्य असावी लागते. अमेरिकी कंपनीचा करारातला फोन असेल तर त्याआधी सिम लॉक उघडला आहे का ते पाहावे. लॉक असल्यास भारतीय सिम तो घेणारच नाही.