डोरिक खांबाला तळखडा हवा की नको? या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

डोरिक, आयोनिक, कोरिंथियन या प्राचीन ग्रीक खांबांच्या तीन शैली, त्या कशा ओळखायच्या ते इथे सांगत बसत नाही. भांडण डोरिकवरून आहे आणि तेही त्याच्या पायथ्याशी: खाली तळखडा, म्हणजे खांबाखालची वेगळी बैठक, हवा की नको.

लांबचा इतिहास थोडक्यात. क्रीट बेटावरच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीतल्या लाकडी खांबांखाली दगडी चकती असायची, आपल्या वाड्यात लाकडी खांबाखाली तळखडा असतो तशीच, ओल चढू नये म्हणून. पुढे ग्रीसमध्ये लाकडाची जागा दगडाने घेतली. ऑलिंपियाच्या हेराच्या देवळात लाकडी खांब एकेक करून बदलत गेले, इसवी सनाच्या 2ऱ्या शतकातल्या एका प्रवाशाला तिथे ओकचा एक खांब अजून उभा दिसला होता. दगडी डोरिक खांब मात्र थेट चौथऱ्यावर. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळात (इ.स.पू. 447 ते 432) बघा, 10 मीटरहून उंच खांब, प्रत्येकावर 20 उभ्या पन्हळी आणि त्या सरळ फरशीपर्यंत येतात, मध्ये काहीच नाही.

घोळ घातला तो रोमनांनी आणि त्यांच्यापेक्षा जास्त रेनेसाँवाल्यांनी. रोममध्ये मार्सेलसच्या थिएटरचे तळमजल्याचे डोरिक खांब बिनतळखड्याचे आहेत, पण पुढे इ.स. 80 च्या कोलोसियमच्या तळमजल्यावर तळखडा आला (त्या खांबांना कोणी डोरिक म्हणतं, कोणी टस्कन, म्हणजे डोरिकसारखीच पण साधी रोमन शैली). रोमन काळातला जो ग्रंथ सगळे प्रमाण मानायचे त्यात डोरिकसाठी तळखड्याचं वर्णनच नाही. आता ग्रंथात नाही म्हणजे नसावा असा साधा अर्थ घ्यायचा की नाही? पण 16व्या शतकातल्या इटालियन मंडळींना पाचही ऑर्डर (खांबांच्या ठरलेल्या शैली, वरच्या तीन, टस्कन आणि कंपोझिट) एका साच्यात बसवायच्या होत्या, त्यामुळे 1562 च्या गाजलेल्या नमुना-पुस्तकात डोरिकलाही तळखडा मिळाला आणि तीच चित्रं पुढची दोनेकशे वर्षं युरोपभर कॉपी होत राहिली. अनेकांनी तर अ‍ॅटिक तळखडाच लावला, म्हणजे खाली चौकोनी पाट, वर फुगीर गोल वळं, मग आत दबलेली खाच, परत एक लहान वळं. दिसतो सुंदर, सावली छान पडते, पण तो आयोनिकच्या घरचा. 1650 मध्ये एका फ्रेंच लेखकाने हे चुकीचं आहे म्हणून लिहिलंही, फारसं कोणी ऐकलं नाही.

18व्या शतकात दक्षिण इटलीतल्या पेस्टमची जुनी ग्रीक देवळं लोकांनी जवळून बघितली, 1758 आणि 1762 मध्ये अथेन्सच्या मोजमापांचे ग्रंथ आले आणि मग खरी पंचाईत झाली. इतके जाडे, आखूड, अनवाणी खांब हेच मूळ डोरिक? लंडनच्या काही प्रतिष्ठितांना ते रानटी वाटले. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटची (1788 ते 1791) गंमत तर बघाच, प्रेरणा अथेन्सच्या प्रोपायलियाची, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या प्रवेशद्वाराची, तिथल्या डोरिक खांबांना तळखडा नाही, आणि इथे मात्र लावलाय! मला ही माघारच वाटते, हिंमत झाली नाही.

19व्या शतकात मात्र बिनतळखड्याची फॅशन जोरात चालली, बँका, कोर्टं, टाऊन हॉल सगळीकडे. ती लाट मुंबईतही पोचली, 1833 ला पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक लायब्ररीच्या, पायऱ्या चढून गेलं की समोर आठ ग्रीक डोरिक खांब. ते इंग्लंडहून आले, फार मोठे निघाले म्हणून संख्या कमी केली आणि उरलेले भायखळ्याच्या चर्चला गेले असं सांगतात.

आता बंगल्यांना जे जीआरसी (काचतंतू घातलेलं काँक्रीट) नाहीतर फायबरचे रेडिमेड खांब लावतात त्यात हा वाद उरलेलाच नाही. आरसीसी कॉलमभोवती दोन अर्धी कव्हरं बसवायची, खाली फ्लोरिंगशी सांधा दिसतो, तो झाकायला तळखड्याचा वेगळा पीस येतो, मग वरचं डोकं डोरिक असो की कोरिंथियन.