पाणी दिलेले पाते

हाताने सुऱ्या घडवणाऱ्यांची 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' नावाची एक संघटना आहे. बिल मोरान या कारागिराच्या पुढाकाराने ती 1976 मध्ये सुरू झाली. तिचे पहिल्या पायरीचे मानांकन हवे असेल, तर स्वतः घडवलेले एकच पाते एकापाठोपाठ एक परीक्षांतून न्यावे लागते. आधी मोकळा लोंबणारा एक इंची दोर एका फटक्यात तोडायचा. मग दोन बाय चार इंची लाकूड तोडायचे, तेही दोनदा. त्यानंतर मध्ये धार न लावता त्याच पात्याने हातावरचे केस उतरवायचे. शेवटी ते वाईसमध्ये आवळून 90 अंशांत वाकवायचे. पाते मोडले की उमेदवार नापास.

केस उतरवायला धार कठीण हवी आणि वाकून न मोडायला अंगात चिवटपणा हवा. पोलादात यातला एक गुण वाढवला की दुसरा बहुधा कमी होतो. सुरी घडवण्याचा छंद लागतो तो या ओढाताणीमुळेच, असे मला वाटते. नवशिक्याचे सगळे लक्ष घण आणि ऐरणीकडे असते. पण घणाचा एकही घाव न घालता, पट्टी ग्राइंडरने कापून आणि कानशीने घासून उत्तम सुरी करता येते. उष्णतेचे काम चुकले, तर मात्र कितीही सुबक घडवलेले पाते वाया जाते.

आधी पोलाद निवडू. गेटचा अँगल किंवा साधी लोखंडी पट्टी यांत कार्बन फार तर पाव टक्का असतो. ते कितीही तापवून बुडवले तरी टिकाऊ धार धरण्याइतके कठीण होत नाहीत. आपल्याकडचे लोहार कोयत्यासाठी ट्रकचा कमानपाटा घेतात, ते अनुभवाने. त्यात साधारण अर्धा ते 0.6 टक्के कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. भंगारातल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी बारीक भेगा पडलेल्या असू शकतात आणि त्या नेमक्या शेवटी, पॉलिश करताना दिसतात. म्हणून जमल्यास नवी पट्टी घ्यावी.

आता भट्टी. थंड पोलादात लोखंडाचे अणू अशा रचनेत बसलेले असतात की कार्बनला त्यांच्यामध्ये जवळजवळ जागाच नसते. तो लोखंडाशी संयोग पावून कार्बाइडच्या पापुद्र्यांत वेगळा राहतो. तापमान सुमारे 727 अंश सेल्सियसच्या पुढे गेले की अणू जागा बदलतात आणि ऑस्टेनाइट ही नवी रचना तयार होते. हिच्यात कार्बन शंभरपट सहज सामावतो. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही, म्हणून छंदिष्टांचा सगळ्यात स्वस्त तापमापक म्हणजे तारेला बांधलेले चुंबक. ते चिकटेनासे झाले की थोडे आणखी तापवायचे. पोलादाच्या जातीप्रमाणे हा आकडा साधारण 830 ते 900 अंशांच्या दरम्यान असतो. हे काम अंधुक उजेडात केले तर आणखी एक गोष्ट दिसते. रचना बदलायला उष्णता लागते, त्यामुळे लालबुंद पात्यावरून काळपट सावल्या सरकत जातात. सावल्या विरल्या, रंग सगळीकडे सारखा झाला, की पाते तयार. त्याहून जास्त तापवू नये. पोलाद ज्या सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असते, ते कण फुगतात आणि भरड कणांचे पाते ठिसूळ होते.

मग पाणी देणे, म्हणजे तापलेले पाते बुडवून झटकन निववणे. नाव पाण्याचे असले तरी कमानपाट्यासाठी 50-60 अंशांना कोमट केलेले खाद्यतेल चांगले. पाण्यात पाते फार वेगाने निवते आणि 'टिंग' असा आवाज येऊन काठाला चीर जाऊ शकते. तो आवाज ज्याने ऐकला, तो विसरत नाही. तेलात पाते टोकाकडून सरळ खाली उतरवायचे आणि धारेच्या दिशेने पुढेमागे हलवायचे. आडवे हलवले तर एक बाजू आधी निवते आणि पाते वाकते. इथे शर्यत वेळेशी आहे. पाते सावकाश थंड झाले तर कार्बन पुन्हा पापुद्र्यांत जाऊन बसतो आणि पोलाद मऊ राहते. काही सेकंदांतच पाचशे अंशांच्या खाली आणले तर कार्बनला निसटायला वेळ मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि अणूंची चौकट ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. धारेचा कठीणपणा इथून येतो.

मार्टेन्साइट बनायला सुरुवात होते ती तापमान अडीचशे-तीनशे अंशांवर उतरल्यावर. त्यामुळे सात-आठ सेकंदांनी पाते तेलाबाहेर काढले तर ते काही क्षण अजून मऊ असते. चामडी हातमोजे घालून, एक डोळा मिटून पाठीच्या रेषेवरून नजर टाकायची आणि बाक दिसला तर तिथल्या तिथे हाताने सरळ करायचा. हातांना बदल जाणवतो. आत्ता वाकणारे पाते बघता बघता ताठ होत जाते आणि त्यानंतर जोर लावला तर मोडते. तेल पेट घेऊ शकते, म्हणून भांडे धातूचे हवे आणि झाकण हाताशी.

निवल्यावर कानस फिरवून पाहावी. ती न चावता घसरली तर पाणी बसले. पण हे पाते अजून वापरायचे नाही. फरशीवर पडले तरी त्याचे दोन तुकडे होतील, आतल्या ताणाने ते रात्रीतून आपोआपही चिरू शकते. त्याच दिवशी ओटीजीत 200 अंशांवर दोन तास, निवू देऊन पुन्हा दोन तास ठेवावे. अडकलेला थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो. थोडा कठीणपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. घासून लख्ख केलेले पोलाद या वेळी फिकट पिवळे होते. आणखी तापवले तर तपकिरी, जांभळे आणि 300 अंशांच्या आसपास निळे. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, तसाच हा प्रकार. ऑक्साइडचा अतिपातळ थर जसा जाड होतो, तसा परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणूनच पुढे ग्राइंडरवर काम करताना पाते सतत पाण्यात बुडवावे. धारेवर निळा डाग उमटला म्हणजे तिथला कठीणपणा गेला.

फिनिशिंगचे काम कंटाळवाणे असते आणि ते घाईने उरकलेले लगेच ओळखू येते. 120 नंबरचा पॉलिश पेपर कठीण, सपाट ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने घासायचे. मग 220, पण तिरक्या दिशेने. आधीचे ओरखडे आडवे दिसत राहतात, त्यातला शेवटचा जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. हे नुसते शोभेसाठी नसते. खोल ओरखड्यात ओल टिकते आणि गंज तिथून सुरू होतो. वाकताना भेगही बहुधा अशाच खाचेतून निघते. पाते आणि मुठीतली शेपटी जिथे जुळतात, तिथला कोपरा याच कारणाने काटकोनी न ठेवता गोल करतात.

सुऱ्याकात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डमध्ये 1863 साली हेन्री सॉर्बी यांनी पोलादाचा तुकडा असाच काळजीपूर्वक घासून, सौम्य आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पोलादाच्या आतली रचना तेव्हा दिसली आणि आधुनिक धातुशास्त्राचा एक पाया तिथे घातला गेला. आज छंदिष्ट पॉलिश केलेले पाते फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात बुडवतो, तेव्हा तो तेच करत असतो. नीट पाणी बसलेला भाग आणि मऊ राहिलेला भाग वेगवेगळ्या छटांत दिसतात. पात्याचा खरा निकाल इथे डोळ्यांनी वाचता येतो, आणि मला या सगळ्या कामात हीच घटका सर्वात प्रिय आहे.

मुठीला शिसव किंवा बाभूळ, पितळी पिना आणि इपॉक्सी पुरे. लाकडाला जवसाचे तेल, म्हणजे रंगाच्या दुकानातले बेलतेल, लावतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्यात उष्णता सुटते. बोळा करून टाकलेली तेलकट चिंधी आपोआप पेटू शकते, म्हणून ती पसरून वाळवावी. घासताना मास्क हवाच. लाकडाची आणि धातूची धूळ दोन्ही फुफ्फुसाला वाईट.

धार सगळ्यात शेवटी, प्रत्येक बाजूने 15 ते 20 अंशांत. चांगल्या धारेचा काठ एक मायक्रॉनहूनही बारीक असतो. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले, की पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा वस्तऱ्याच्या काठाचे टवके काढतो. पोलादाची रचना जिथे एकसारखी नाही आणि केस जिथे वाकून काठावर तिरका दाबतो, तिथे हे घडते. म्हणजे भट्टीत कण बारीक आणि एकसारखे ठेवण्याची धडपड धारेपर्यंत पोचते. कैरी चिरली की हे पाते निळे-काळे पडते, त्याची चिंता नको, तो थर तांबड्या गंजाला काहीसा अडवतो. चिरून झाले की मात्र लगेच धुऊन कोरडे पुसावे, आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवून ठेवावे.