‘निधन’: मरणाआधीचे अर्थ

नागपुरात कुणी गेलं की शेजारी सांगतात, ‘काकाजी गेले’ किंवा ‘आजी वारली’. खेड्याकडचा माणूस ‘मयतीले चाललो’ म्हणून निघतो. दारात उभं राहून ‘काकाजींचं निधन झालं’ असं कुणी म्हणत नाही. पण तासाभरात व्हॉट्सॲपवर मजकूर फिरतो तो ‘दुःखद निधन’ असाच, आणि खाली ‘अंत्ययात्रा राहत्या घरून निघून अंबाझरी घाटावर जाईल’. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. छापील मराठीने हा शब्द इतका पक्का केला आहे की तो मुळात मरणाचा नव्हता हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘नि’ म्हणजे खाली किंवा आत, आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे. अथर्ववेदाच्या आणि यजुर्वेदाच्या काळात ‘निधन’ म्हणजे स्थिरावण्याची जागा, मुक्काम, ठेवण्याचं ठिकाण. ‘निधी’ याच धातूचा, संतांच्या अभंगांतलं ‘निधान’ म्हणजे ठेवाही याचाच. ‘समाधी’सुद्धा ‘धा’पासूनच आली आहे. मरणाशी तिचं नातं नंतर जुळलं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली असं आपण म्हणतो, ‘त्यांचं निधन झालं’ म्हटलं की कानाला खटकतं.

सगळ्यात नवल वाटावं असा अर्थ सामगायनातला आहे. सोमयागात साम, म्हणजे सामवेदातलं गाणं, गाताना त्याचे भाग तीन गाणाऱ्या पुरोहितांत वाटलेले असतात. प्रस्ताव प्रस्तोत्याने गायचा, उद्गीथ उद्गात्याने, प्रतिहार प्रतिहर्त्याने, त्यानंतरचा उपद्रव पुन्हा उद्गात्याने. शेवटचा तुकडा तिघांनी मिळून उचलायचा. त्या तुकड्याचं नाव निधन. इथे गाणं मुक्कामाला पोचतं, एवढाच त्याचा अर्थ. शोक वगैरे काही नाही, उलट इतका वेळ आळीपाळीने गाणारे इथे एकत्र येतात.

छांदोग्य उपनिषदाचा दुसरा अध्याय या भागांवरच चालतो. त्यात जगातली एकेक गोष्ट घेऊन ती सामाच्या साच्यात बसवली आहे. वारा सुटतो तो हिंकार (गाण्याआधीचा ‘हिं’ असा उच्चार), ढग येतो तो प्रस्ताव, पाऊस पडतो तो उद्गीथ, वीज चमकते आणि गडगडतं तो प्रतिहार, पाऊस थांबतो ते निधन. ऋतूंमध्ये हेमंत निधन, पाण्यात समुद्र, शरीरात मज्जा. अग्नीचं तर फार बारकाईने पाहिलेलं आहे: अरणीची लाकडं घासणं, धूर निघणं, ज्वाळा, निखारे आणि शेवटी विझणं. ते विझणं म्हणजे निधन.

मग त्याच अध्यायात सूर्याचा दिवस येतो, आणि तिथे शब्द मरणाच्या उंबऱ्याशी पोचतो. सूर्य नुकताच मावळला की जी वेळ, ती निधन. तिच्याशी पितर जोडलेले आहेत, ‘तस्मात् तान् निदधति’, म्हणून त्यांना खाली ठेवतात. शांकरभाष्यात हे ठेवणं दर्भावरचं आहे, पिंड ठेवतात तसं. म्हणजे ‘ठेवणे’ हा धातूचा मूळ अर्थ जिवंत आहे, आणि त्याच वाक्यात गेलेली माणसंही आली आहेत. शब्दाचा अर्थ कसा सरकतो ते इतकं उघड क्वचितच बघायला मिळतं.

महाभारतापर्यंत येता येता अर्थ पक्का झाला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ सगळ्यांना पाठ असतं, आणि तिथे निधन म्हणजे मरणच. विष्णुसहस्रनामातल्या ‘अनादिनिधन’मध्ये मात्र अजून ‘शेवट’ हा जुना अर्थ ऐकू येतो: ज्याला आरंभ नाही आणि अंतही नाही तो. ज्योतिषांनी कुंडलीतलं आठवं घर निधनस्थान ठरवलं. मुहूर्त काढताना जन्मनक्षत्रापासून मोजून वर्ज्य धरतात त्या वध तारेचं दुसरं नाव नैधन, तेही इथलंच.

याचा एक जुळा शब्द आहे, दिसायला हुबेहूब तोच. ‘नि’ अधिक ‘धन’, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो. मृच्छकटिक या संस्कृत नाटकात त्याचा नायक चारुदत्त दारिद्र्याची साखळी सांगत सांगत ‘अहो निधनता सर्वापदामास्पदम्’ इथे येतो. निधनता हे साऱ्या संकटांचं घर. व्युत्पत्ती वेगळी असली तरी ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ वाजले असणार, असं मला वाटतं. मराठीने पुढे ‘निर्धन’ घेतला आणि ही गंमत आपल्याकडे उरली नाही.

इतक्या शब्दांतून पेपरांनी हाच का उचलला असावा, याचं उत्तर नागपुरात बसून शोधायला सोपं आहे. ‘कैलासवासी’ म्हटलं की शिव आला, ‘वैकुंठवासी’ म्हटलं की विष्णू. हिंदीच्या शेजाराने इथे ‘स्व.’ भरपूर चालतं, पण स्वर्ग त्यातही आहेच. बौद्ध घरांत तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब त्याच वर्षी ६ डिसेंबरला गेले, त्या दिवसाला लोक महापरिनिर्वाण दिन म्हणतात. निर्वाण म्हणजे तृष्णेचं विझणं, ते ऊठसूट कुणाच्याही नावापुढे लावता येत नाही. ताजबागेत सूफी संत ताजुद्दीनबाबांचा उर्स भरतो. बाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजी गेले, आणि उर्स या अरबी शब्दाचा मूळ अर्थ लग्न. वलीचं जाणं म्हणजे परमेश्वराशी मीलन, अशी त्यामागची समजूत. या प्रत्येक शब्दाला त्याचं तत्त्वज्ञान चिकटलेलं आहे. ‘निधन’ला आता काहीच चिकटलेलं नाही. वेद विसरले गेले, सामगान ऐकलेला माणूस विरळा. त्यामुळे एकाच रकान्यात कुणाच्याही घरची बातमी त्याच्याखाली बसते.

सरकारी कागदांनी मात्र तो घेतला नाही. १९६९ चा कायदा जन्म आणि मृत्यू नोंदणीचा आहे, त्यामुळे महानगरपालिकेचा दाखला ‘मृत्यू’चा मिळतो. तोच दाखला घेऊन वारस तलाठ्याकडे गेला की फेरफारात आजोबा ‘मयत खातेदार’ होतात, आणि तो शब्द अरबी.