शेकडाउन (पदभ्रमण)

लांब पल्ल्याच्या पायी प्रवासात सॅकमधले सगळे सामान बाहेर काढायचे, एकेक वस्तू पारखायची, नको ते घरी धाडायचे आणि जड वस्तूच्या जागी हलकी घ्यायची, या प्रथेला अमेरिकेतले पदभ्रमंत शेकडाउन म्हणतात. जॉर्जियातून मेनपर्यंत जाणारी ॲपलाचियन ट्रेल (सुमारे ३,५०० किमी) आणि मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (सुमारे ४,२६५ किमी) या दोन वाटांवर ती चांगलीच रुजली आहे. शेकडाउन निघण्यापूर्वी घरीही करता येते आणि तसा सल्लाही दिला जातो. पण घरच्या गादीवर मांडलेली प्रत्येक वस्तू गरजेचीच वाटते. ती खरोखर लागते का, हे चारेक दिवस चढ-उतार तुडवल्यावर कळते.

याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे जॉर्जियातली नील गॅप ही खिंड. ॲपलाचियन ट्रेलच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे स्प्रिंगर माउंटनपासून, ती सुमारे ५० किमीवर आहे. तिच्या अलीकडेच ब्लड माउंटन (१,३५९ मी.) हा ॲपलाचियन ट्रेलवरचा जॉर्जियातला सर्वांत उंच डोंगर ओलांडावा लागतो, त्यामुळे उतरणाऱ्याचे गुडघे तेव्हा चांगलेच बोलत असतात. खिंडीत १९३० च्या दशकात बांधलेली वालासी-यी ही दगडी इमारत असून पायवाट तिच्या कमानीखालूनच जाते. तिथल्या ट्रेकिंगच्या दुकानात अनुभवी विक्रेते नवख्यांची सॅक जमिनीवर रिकामी करून बसतात. कुऱ्हाड, घडीची करवत, ओतीव लोखंडाचा तवा, तिसरी पँट, टूथपेस्टची भली मोठी ट्यूब असा ऐवज निघतो. प्रश्न साधा असतो : या चार दिवसांत हे किती वेळा वापरले? उत्तर ‘एकदाही नाही’ असेल तर वस्तू खोक्यात जाते. पावसाचे जाकीट, औषधे आणि डोक्याला लावायचा दिवा यांना मात्र हा नियम लागू नाही. इमारतीबाहेरच्या झाडावर अनेक वर्षे जुन्या बुटांचे घोस लटकलेले दिसत.

वजन मोजण्याची या लोकांची स्वतःची रीत आहे. अन्न, पाणी आणि इंधन रोज कमी-जास्त होते, म्हणून ते वगळून उरलेल्या सॅकचे वजन धरतात. त्याला बेस वेट म्हणतात. ते ९ किलोच्या आत असेल तर हलके आणि ४.५ किलोच्या आत असेल तर अतिहलके (अल्ट्रालाइट) समजले जाते. सर्वाधिक बचत होते ती सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तिघांत. ब्रशची दांडी कापून दहा ग्रॅम वाचवण्याची हौस अनेकांना असते, पण दोन किलोचा तंबू तसाच ठेवून ब्रश कापणे म्हणजे नुसते मनाचे समाधान. त्यापेक्षा पाण्याच्या बाटलीत अर्थ आहे. जाड प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली सुमारे १८० ग्रॅम भरते. दुकानात विकत मिळणाऱ्या पाण्याची पातळ बाटली चाळीसेक ग्रॅमची असते आणि जवळजवळ फुकट पडते.

हलके चालण्याची परंपरा नव्या कापडांच्या आधीची आहे. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने ॲपलाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केली. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी आणि तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. पुढे १९९२ मध्ये रे जार्डिन या गिर्यारोहक अभियंत्याने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या मार्गदर्शिकेतून घरी शिवलेली सॅक, ताडपत्रीवजा छत आणि जड बुटांऐवजी धावण्याचे बूट यांचा पुरस्कार केला. आजच्या अतिहलक्या सामानाच्या बाजाराचे मूळ बरेचसे त्यात आहे.

सामानाची ही अदलाबदल जमते ती टपालखात्याच्या जिवावर. वाटेतल्या छोट्या गावांच्या पोस्टात ‘जनरल डिलिव्हरी’ म्हणून स्वतःच्या नावाने खोके पाठवून ठेवता येते. काही जण लगेच न लागणाऱ्या वस्तूंचे एकच खोके गावोगाव पुढे ढकलत नेतात. ते बाउन्स बॉक्स. वसतिगृहांत आणि दुकानांत हायकर बॉक्स असतो. नको ते त्यात टाकावे, हवे ते उचलावे. त्याच्या तळाशी चिठ्ठी नसलेल्या पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या हमखास सापडतात. दुधाची पावडर की बटाट्याची, हे पाणी घातल्यावरच कळते.

वजन मात्र सतत उतरतेच असे नाही. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एकेका टप्प्याला पाच-सहा लिटर पाणी वाहावे लागते आणि पाठीला आधार नसलेली पातळ सॅक तिथे खांदे कापते. साधारण १,१३० किमीवर केनेडी मेडोज ही छोटी वस्ती येते. इथून सिएरा नेवाडा ही पर्वतरांग सुरू होते. बर्फासाठी कुऱ्हाड, बुटांना लावायचे काटे आणि अस्वलाला न उघडणारा, किलोभर वजनाचा अन्नाचा डबा इथे वाढतो. डबा ही हौस नव्हे. पुढच्या राष्ट्रीय उद्यानांच्या काही भागांत तो सक्तीचा आहे. महिनाभर घटवलेले वजन एका दुपारी पुन्हा पाठीवर चढते. सोनोरा पास ही खिंड ओलांडल्यावर बहुतेक जण हे सारे परत पाठवतात.

शरीरही बदलते. पाय पसरून अर्ध्या ते एक नंबराने मोठे होतात, कंबर बारीक होते आणि सॅकचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही ढिला राहतो. धावण्याचे बूट ५०० ते ८०० किमीत झिजतात, म्हणजे एका प्रवासाला पाच ते नऊ जोड.

सह्याद्रीतल्या रेंज ट्रेकला, म्हणजे डोंगररांगेवरून सलग काही दिवस चालण्याला, ही प्रथा फारशी लागू पडत नाही. मोहीम आठवडाभराची, त्यामुळे छाटणी घरीच उरकावी लागते. पुढे शिधा संपेल तशी सॅक आपोआप हलकी होते.

सर्वाधिक चुका होतात त्या गरम कपड्यांत. ॲपलाचियन ट्रेलवर वसंतात निघालेले पदभ्रमंत व्हर्जिनियात उन्हाळा लागला की जाड स्लीपिंग बॅग आणि लोकरी कपडे घरी धाडतात. सुमारे २,९०० किमीवर, न्यू हॅम्पशरमधल्या ग्लेनक्लिफच्या चिमुकल्या पोस्टात, ते परत मागवायचे असतात. पुढे व्हाइट माउंटन्सची उघडी शिखरे आहेत आणि त्यांतल्या माउंट वॉशिंग्टनवर १९३४ मध्ये ताशी ३७२ किमी वेगाचा वारा नोंदला गेला होता.