फ्लॅनगन, टॉमी : लघुवृंद जॅझ ध्वनिमुद्रिका (१९५६–६०)

अमेरिकन पियानोवादक टॉमी फ्लॅनगन (१६ मार्च १९३०–१६ नोव्हेंबर २००१) याने साथीदार म्हणून वाजवलेल्या, जॅझच्या लघुवृंद परंपरेत मानदंड ठरलेल्या ध्वनिमुद्रिकांचा गट. सॉनी रॉलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ (१९५६), जॉन कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ (१९५९) आणि वेस माँटगमरीची ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगमरी’ (१९६०) या तीन तबकड्या त्यात प्रमुख होत. तिन्हींचे नायक वेगळे, वाद्यांचा वापर वेगळा, स्वररचनेचा विचारही वेगळा. पियानोवादक मात्र एकच. पावणेचार वर्षांच्या आत एकाच वादकाने इतक्या भिन्न गरजा भागवल्याचे दुसरे उदाहरण जॅझमध्ये सहज सापडत नाही.

जॅझमधील लघुवृंद साधारणपणे तीन ते सहा वादकांचा असतो. पियानो, डबल बेस आणि ड्रम्स मिळून जो पाया घालतात त्यावर सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा गिटार वाजवणारा नायक मूळ धून मांडतो व तिच्या स्वरसंघातांच्या (कॉर्डच्या) आवर्तनांवर उपज करतो. पियानोवादकाच्या साथीला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. ख्यालगायनातील हार्मोनियमची साथ गायकाच्या स्वरवाक्यांमागून जाते; कॉम्पिंग तसे करत नाही. ते नायकाच्या स्वरांखाली स्वरसंघात ठेवत जाते, कधी ठेक्याच्या आत, कधी ठेक्याला छेद देऊन. आणि कोठे गप्प राहायचे हा त्यातील सर्वांत अवघड निर्णय असतो. फ्लॅनगनचे नाव याच निर्णयासाठी घेतले जाते.

फ्लॅनगनचा जन्म डेट्रॉइटचा. लहानपणी त्याने प्रथम क्लॅरिनेट व नंतर पियानो हाती घेतला. त्याचा थोरला भाऊही पियानोवादक होता. पियानोची शिस्त त्याला ग्लॅडिस डिलर्ड या शिक्षिकेकडून मिळाली. बॅरी हॅरिस हाही तिचाच शिष्य. आर्ट टेटम, टेडी विल्सन, हँक जोन्स व बड पॉवेल यांचे संस्कार त्याच्या वादनात दिसतात. त्यांपैकी विल्सन–जोन्स परंपरेचा हलका, स्वच्छ स्पर्श आणि पॉवेलची द्रुत एकस्वरी (एका वेळी एकच स्वर घेणारी) वाक्ये हे मिश्रण डेट्रॉइटच्या पियानोवादकांचे वैशिष्ट्य मानले जाते. तशी ‘डेट्रॉइट शैली’ खरोखर वेगळी काढता येते का, याबद्दल अभ्यासक सावध आहेत. फ्लॅनगन, हॅरिस, रोलंड हॅना आणि जवळच्याच पाँटियॅकचा हँक जोन्स यांच्यात साम्य आहे हे खरे, पण ते एका शहरापेक्षा एका पिढीचे असण्याची शक्यता अधिक वाटते. लष्करी सेवेनंतर (१९५१–५३; त्यातील काही काळ कोरियात) तो डेट्रॉइटला परतला आणि १९५६ च्या आरंभी गिटारवादक केनी बरेलबरोबर न्यूयॉर्कला गेला. १६ मार्च १९५६ रोजी, म्हणजे आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस व रॉलिन्स यांच्यासह ध्वनिमुद्रण करत होता.

सॅक्सोफोन कोलोसस : हे ध्वनिमुद्रण २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे झाले. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ तेव्हा त्याच्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात होता. रॉलिन्स (टेनर सॅक्सोफोन), फ्लॅनगन, डग वॉटकिन्स (बेस) आणि मॅक्स रोच (ड्रम्स) असा हा क्वार्टेट (चौघांचा वृंद). रॉलिन्स व रोच हे दोघे त्या वेळी क्लिफर्ड ब्राउन–मॅक्स रोच पंचकाचे घटक होते. या ध्वनिमुद्रणानंतर चारच दिवसांनी ब्राउन व पंचकाचा पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात मरण पावले. तबकडी प्रेस्टीज कंपनीने काढली. प्रकाशनवर्ष काही सूचींत १९५६, तर काहींत १९५७ दिलेले आढळते. १९५७ अधिक संभवनीय दिसते.

पाच रचनांपैकी ‘सेंट थॉमस’ची धून रॉलिन्सच्या नावावर नोंदलेली असली, तरी तिचा उगम वादाचा आहे. रॉलिन्सचे आईवडील व्हर्जिन बेटांचे. ही धून आईच्या तोंडून लहानपणी ऐकल्याचे त्यानेच सांगितले आहे. तीच धून पियानोवादक रँडी वेस्टन याने १९५५ मध्ये ‘फायर डाउन देअर’ या नावाने ध्वनिमुद्रित केली होती. कॅरिबियन बालगीत आणि त्याही मागे इंग्लंडमधील एक लोकगीत, अशी तिची वंशावळ काहींनी मांडली आहे. धून पारंपरिक व रूप रॉलिन्सचे, एवढे म्हणणे पुरेसे ठरावे. ‘मोरिटाट’ ही कुर्ट वाइलच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’मधील धून, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) रचल्यामुळे मराठी प्रेक्षकांना तिचे मूळ घर परके नाही.

११ मिनिटांहून अधिक चालणाऱ्या ‘ब्लू ७’ या ब्लूजवर (ठरावीक, छोट्या कॉर्ड-आवर्तनाच्या रचनेवर) संगीतकार व समीक्षक गुंथर शुलरने नोव्हेंबर १९५८ च्या ‘द जॅझ रिव्ह्यू’मध्ये लिहिलेला लेख जॅझ समीक्षेतील एक टप्पा ठरला. रॉलिन्सची उपज सुट्या कल्पनांची माळ नसून एका बीजवाक्यातून उलगडत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. बीजवाक्य आधी ठरलेले होते की तेही वाजवता वाजवता सुचले, आणि तसे वाक्य रॉलिन्सच्या नेहमीच्या भांडारातलेच नव्हते का, असे प्रश्न नंतरच्या संशोधकांनी उपस्थित केले. शुलरचा सगळा रोख रॉलिन्स व रोच यांच्यावर असल्याने त्या चर्चेत पियानोच्या वाट्याला फारसे काही आले नाही, ही एक उणीव राहून गेली. रचनेच्या आरंभी एकटा बेस चालतो आणि मूळ स्वर कोणता हे मुद्दाम धूसर ठेवले जाते. अशा जागी पियानोने भरगच्च कॉर्ड दिले असते तर ती संदिग्धता तेथेच संपली असती. फ्लॅनगनने ती राखली. ही तबकडी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २०१६ च्या निवडीत समाविष्ट झाली. (रॉलिन्स पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील पवई येथील आश्रमात काही काळ राहिला, आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात त्याने मुंबईत वादन केले.)

जायंट स्टेप्स : फ्लॅनगनच्या वादनाबद्दल सर्वाधिक चर्चा या तबकडीतील शीर्षक-रचनेमुळे झाली. अटलांटिक कंपनीसाठी ४ व ५ मे १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या सत्रांत कोल्ट्रेनबरोबर फ्लॅनगन, पॉल चेंबर्स (बेस) व आर्ट टेलर (ड्रम्स) होते. कोल्ट्रेन व चेंबर्स हे दोघे त्याआधी जेमतेम दोन आठवडे, २२ एप्रिलला, माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दुसऱ्या सत्रात वाजवून आले होते. तेथे एकेका स्वरपंक्तीवर निवांत रेंगाळणे होते. येथे नेमके उलटे.

‘जायंट स्टेप्स’चे आवर्तन १६ मात्राखंडांचे (बारांचे) असून त्यात २६ कॉर्ड येतात. रचना तीन आधारस्वरांभोवती फिरते : बी, जी आणि ई-फ्लॅट. सप्तकाच्या बारा अर्धस्वरांतरांचे चार-चारांचे तीन समान भाग केले की हे तीन स्वर मिळतात. आपल्या परिभाषेत, बी हा षड्ज धरला तर ई-फ्लॅट शुद्ध गंधार व जी कोमल धैवत होतो. आणि या तिघांपैकी प्रत्येक जण आळीपाळीने नवा षड्ज बनतो. मूर्च्छनेत षड्ज बदलला तरी स्वरसमूह तोच राहतो. येथे षड्जाबरोबर सगळा स्वरसमूहच बदलतो, आणि तोही क्षणाक्षणाला. ध्वनिमुद्रणाची लय मिनिटाला सुमारे २९० मात्रांची आहे. अनेक कॉर्ड दोनच मात्रा टिकतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. संपूर्ण आवर्तन सुमारे १३ सेकंदांत पुरे होते.

या स्वरचक्राच्या उगमाबद्दल तीन मते प्रचलित आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ रिचर्ड रॉजर्सच्या ‘हॅव यू मेट मिस जोन्स?’ (१९३७) या गाण्याच्या मधल्या भागात आहे. तेथे आधारस्वर याच अंतराने उतरत जातो. दुसरे मत निकोलस स्लोनिम्स्कीच्या ‘थिसॉरस ऑफ स्केल्स अँड मेलॉडिक पॅटर्न्स’ (१९४७) या ग्रंथाकडे बोट दाखवते. हा ग्रंथ कोल्ट्रेनच्या अभ्यासात होता, आणि त्यातील एक उदाहरण ‘जायंट स्टेप्स’च्या उत्तरार्धाशी विलक्षण जुळते. तिसरे मत पियानोवादक व रचनाकार टॅड डॅमरनच्या ‘लेडी बर्ड’मधील अखेरच्या वळणाला श्रेय देते, कोल्ट्रेनने १९५६ मध्ये डॅमरनबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. शिवाय शूबर्ट व लिस्ट या पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांच्या रचनांत अशी तृतीयांतराची चलने आढळतात, पण तेथून थेट धागा जोडता येत नाही. पूर्वार्धात आधारस्वर उतरतो, उत्तरार्धात चढतो. यावरून दोन्ही अर्धांना एकच उगम शोधण्यापेक्षा पहिल्याला गाण्यांच्या रोजच्या वादनातील व दुसऱ्याला ग्रंथाभ्यासातील मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘ब्लू ट्रेन’ (१९५७) या तबकडीतील ‘मोमेंट्स नोटिस’ आणि ‘जायंट स्टेप्स’मधीलच ‘काउंटडाउन’ (जी ‘ट्यून अप’ या आधीच्या धूनेवर बेतलेली आहे) पाहता हा शोध एका रात्रीत लागलेला नव्हता, एवढे निश्चित.

शीर्षक-रचनेत कोल्ट्रेनच्या प्रदीर्घ, अखंड वादनानंतर फ्लॅनगनची पाळी येते. उजव्या हाताची एकस्वरी वाक्ये सुरू होतात, मध्येच तुटतात, विराम मोठे होतात, आणि शेवटी तो नुसत्या कॉर्डवर येऊन ठेपतो. मग कोल्ट्रेन पुन्हा सूत्रे घेतो. काही लेखकांनी याला अपयश म्हटले. फ्लॅनगनला ही रचना केव्हा मिळाली याची हकिकत दोन प्रकारे सांगितली जाते : कॉर्डचा कागद ऐन सत्रात समोर आला, किंवा कोल्ट्रेनने तो काही दिवस आधी घरी आणून दाखवला, पण लयीची कल्पना दिली नाही आणि फ्लॅनगनने ती संथ रचना असावी असे धरले. दुसरी हकिकत अधिक विश्वसनीय वाटते. वादनातही तिचा आधार आहे. स्वरचक्राची वाट फ्लॅनगन कोठेही चुकत नाही. अपुरा पडतो तो बोटांना मिळालेला काळ. कोल्ट्रेन या चक्राचा सराव दीर्घकाळ करत होता. याच रचनेचा आधीचा प्रयत्न सीडर वॉल्टन (पियानो) व लेक्स हम्फ्रीज (ड्रम्स) यांच्यासह झाला होता. त्याची तारीख काही नोंदींत २६ मार्च, तर काहींत १ एप्रिल १९५९ आहे. त्या आवृत्तीत वॉल्टनने स्वतंत्र वादन केलेलेच नाही. हे लक्षात घेतले तर फ्लॅनगनचे तुटक वादन धैर्याचे वाटते. शिवाय त्या तबकडीवर तोच वादक ‘कझिन मेरी’, ‘सायिदाज साँग फ्लूट’ व ‘मिस्टर पी. सी.’मध्ये पूर्ण सहज आहे, हे एका रचनेच्या चर्चेत नेहमी झाकले जाते. ‘नाईमा’मध्ये तो नाही, ती २ डिसेंबर १९५९ रोजी विंटन केली (पियानो) व जिमी कॉब (ड्रम्स) यांच्यासह ध्वनिमुद्रित झाली. तबकडी १९६० च्या आरंभी निघाली. फ्लॅनगनने १९८२ मध्ये जॉर्ज म्राझ व अल फॉस्टर यांच्या त्रिकुटासह ‘जायंट स्टेप्स’ याच नावाची तबकडी कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ केली. तीत ही रचना त्याने निर्वेध वाजवली आहे.

वेस माँटगमरीबरोबर : २६ व २८ जानेवारी १९६० रोजी रिव्हरसाइड कंपनीसाठी निर्माता ऑरिन कीपन्यूज याने ही तबकडी मुद्रित केली. बेसवर पर्सी हीथ व ड्रम्सवर त्याचा भाऊ अल्बर्ट हीथ. गिटार व पियानो ही दोन्ही कॉर्ड देऊ शकणारी वाद्ये असल्याने एकाच वेळी दोघांनी ते केले की गर्दी होते. माँटगमरीची उपज सहसा तीन पायऱ्यांनी चढते : आधी एकस्वरी वाक्ये, मग सप्तकाच्या अंतरावरील जोडस्वरांत तीच भाषा, शेवटी संपूर्ण कॉर्ड. पायरी चढेल तसा फ्लॅनगन मागे सरकतो. ‘फोर ऑन सिक्स’ व ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ या दोन रचना यासाठी लक्षपूर्वक ऐकाव्यात.

इतर : ‘जायंट स्टेप्स’नंतर सुमारे पंधरवड्याने, २१ मे १९५९ रोजी, कर्टिस फुलर व बेनी गोल्सन यांच्यासह ‘ब्लूज-एट’, १३ नोव्हेंबर १९५९ रोजी केनी डॉरहॅमची ‘क्वाएट केनी’, १९६० च्या दशकारंभी कोलमन हॉकिन्सबरोबरच्या तबकड्या. ‘द कॅट्स’ (१८ एप्रिल १९५७) ही कोल्ट्रेन व बरेल असलेली बैठक पाचांपैकी चार रचना फ्लॅनगनच्या असल्याने महत्त्वाची. स्वतःच्या नावावरची पहिली तबकडी ‘ओव्हरसीज’ जे. जे. जॉन्सनबरोबरच्या दौऱ्यात १५ ऑगस्ट १९५७ रोजी स्टॉकहोममध्ये, विल्बर लिटल व एल्विन जोन्स यांच्या साथीने झाली. १९६३–६५ व १९६८–७८ या काळात तो एला फिट्झजेराल्डचा साथीदार होता. त्यामुळे त्या वर्षांतील वाद्यवृंदांतील नोंदी विरळ आहेत.