सदाफुलीची पानं आणि हाडाचा कॅन्सर

"सदाफुलीची पाच पानं रोज चावा, हाडाचा कॅन्सर पसरत नाही" हा मेसेज आमच्या जळगाव-चोपड्याकडच्या ग्रुपांवर कित्येक वर्षं फिरतोय. भाऊ, यात थोडं खरं आहे आणि तेच घातक. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध निघतं, इविंग सारकोमा या हाडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर ते देतातही, पण शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून, दुसऱ्या औषधांसोबत, आणि १ ग्रॅम काढायला शेकडो किलो सुकी पानं लागतात. अंगणातली पानं चावून तो डोस बसत नाही, वर ती विषारी. हळदीचंही तसंच, तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी रोखतं पण खाल्लं की रक्तात फारच थोडं उतरतं. हाडाचा हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात पसरतो, पोराचा गुडघा सुजलाय, रात्री ठणकतोय, तर पानं वाटून रस काढत बसू नका, आधी एक्स-रे काढा.